वर्षाची बेगमी

महिनाअखेरीस घरखर्चाची वही उघडली की आपली दृष्टी प्रथम दुधावर आणि भाजीवर जाते, कारण ते खर्च रोजच्या रोज हातून होतात आणि मनात सलत राहतात. धान्याचे, डाळींचे आणि तिखटामिठाचे खाते मात्र किराणा दुकानाच्या एका आकड्यात गुंडाळले गेल्यामुळे विचाराच्या कक्षेबाहेरच राहते. माझ्या मते काटकसरीला सर्वांत अधिक वाव याच खात्यात आहे, आणि तोही कोणाच्या ताटातील एक घास कमी न करता. वर्षाची बेगमी करण्याची जी वहिवाट आपल्या घराघरांतून होती आणि शहरांतील लहान सदनिकांत जी जवळजवळ नामशेष झाली, तिच्यामागील हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

धान्याचा भाव ऋतूंच्या अधीन असतो. तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीपासून वाढते, रब्बीची ज्वारी आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, गहू त्यांच्या पाठोपाठ येतो, आणि मिरची, हळद, चिंच या जिनसांनी होळीच्या सुमारास बाजार भरलेला असतो. कर्जाची फेड आणि पुढच्या हंगामाची तरतूद या दुहेरी निकडीमुळे बहुसंख्य शेतकऱ्यांना माल धरून ठेवणे परवडत नाही, म्हणून या दिवसांत भाव बहुधा उतरलेले असतात. पुढे तोच माल गोदामाचे भाडे, भांडवलाचे व्याज, घट, पिशवीबंदी आणि दोन-तीन हातांचा नफा अंगावर घेऊन श्रावणात आपल्या दारी येतो. हंगामातच वर्षाचा गहू भरणारा गृहस्थ साठवणुकीचे हे काम स्वतः करतो आणि त्याचा मोबदलाही स्वतःकडेच राखतो. एखाद्या वर्षी आयात वाढून भाव पुढे घसरतात, हेही खरे. परंतु घरची बेगमी म्हणजे सट्टा नव्हे, तिने वर्षभराचा खर्च आधी ठाऊक होतो, आणि केवळ तेवढ्यासाठीही माझा कौल तिच्याच बाजूने आहे.

तांदळाच्या बाबतीत लाभ दुहेरी आहे. नवा तांदूळ चिकट शिजतो म्हणून स्वस्त मिळतो आणि जुना मोकळा होतो म्हणून महाग. दिवाळीनंतर नवा घेऊन घरीच जुना होऊ दिला, तर भावातील हा फरक आपल्या पदरी पडतो. कांद्याची जात मात्र पाहून घ्यावी. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. एप्रिल-मेमधील उन्हाळी कांदा, मान बारीक व सुकलेली पाहून निवडला आणि बटाट्यापासून दूर, हवेशीर जागी पसरून ठेवला, तर चार महिने सहज निघतात. सप्टेंबरनंतर जुना कांदा संपत येतो आणि नव्याची आवक अपुरी असते, त्या महागाईची झळ त्यामुळे पुष्कळ सौम्य होते.

बेगमी मागे पडली ती मुख्यतः किडीच्या धास्तीने. कडधान्याच्या भुंगेऱ्याची मादी शेतात उभ्या पिकाच्या शेंगांवरच अंडी घालते, म्हणजे घरी आलेल्या स्वच्छ दाण्यातही उपद्रवाचे बीज असू शकते. म्हणूनच कडक ऊन देणे अत्यावश्यक. दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवावा, आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावा, कारण गरम धान्य झाकले की आत दमटपणा धरतो. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि काठोकाठ भरावा. सबंध कडधान्यापेक्षा डाळीला हा भुंगेरा कमी लागतो, म्हणून तूरडाळ एरंडेलाचा हात फिरवून वर्षाची भरावी, तर मूग, मटकी, चवळी दोन महिन्यांपुरतीच घ्यावी. कडुलिंबाचा पाला घालावयाचा तर पूर्ण वाळलेला घालावा. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर मात्र धान्यात कदापि घालू नयेत; पारा हे विष आहे, आणि मुलाबाळांच्या अन्नात विष मिसळून वाचविलेला पैसा कोणत्याही घराला नको.

एवढी रक्कम एकदम आणावी कोठून आणि ठेवावयाला जागा कोठे, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण ज्यांना काटकसरीची निकड सर्वांत अधिक, त्यांच्याजवळच या दोन्ही गोष्टी नसतात. त्याचे उत्तर एकोप्यात आहे. 1972च्या दुष्काळाच्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया हाती लाटणे घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. पुढे 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधून, एकत्रित मागणीच्या बळावर महिन्याचा जिन्नस वाजवी दरात सभासदांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था उभी केली. पाच-सहा बिऱ्हाडांनी मिळून दोन-तीन पोती गहू घेणे हा त्याच तत्त्वाचा लहान प्रयोग होय. ज्या भगिनींची भिशी आहे, त्यांनी ती मार्चमध्ये सर्वांना वाटून मिळेल अशी तजवीज केली, तर भांडवलाचा प्रश्न सावकाराच्या पायरीपर्यंत जाणारच नाही.

प्रारंभ एकाच जिनसेपासून करा. आपल्या घरी महिन्याला तूरडाळ किती लागते ते या महिन्यात वजन करून लिहून ठेवा, तिची बारापट करा, आणि येत्या हंगामात निदान तेवढी एक डाळ तरी वर्षाची भरा.