सर्व्हर डाऊन, उद्या या



जुलै संपत आला, खरिपाच्या पीकविम्याची मुदत जवळ आली, की नांदेड-लातूरकडच्या सेवा केंद्रांवर एक वाक्य हमखास कानी पडतं. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सोयाबीनची कोळपणी सोडून आलेला माणूस सातबारा पिशवीत घालून परत फिरतो. त्याचा दिवस गेला.

सर्व्हर बंद पडायला गर्दी, वीज, तुटलेली केबल अशी कारणं असतात. मी बोलणार आहे टाळता येण्याजोग्या एका कारणाविषयी.

सातबारा, रेशनकार्ड, पतसंस्थेतलं खातं, या सगळ्या नोंदी डेटाबेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. त्यात कधी अशी चूक राहून जाते, की विशिष्ट तऱ्हेची एक विनंती आली तरी ते जागच्या जागी बंद पडतं. पुन्हा सुरू करावं, पुन्हा तेच. चोरी काहीच झालेली नसते. पेवातली ज्वारी शाबूत, पण तोंडावर धोंडा! चोरी नाही म्हणून हा दोष किरकोळ, असं मानणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. रांगेतला माणूस रिकाम्या हातानंच जातो ना?

२५ जानेवारी २००३ची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमधल्या एका चुकीतून 'स्लॅमर' नावाचा संगणकी किडा शिरला. आकार फक्त ३७६ बाइट, पोस्टकार्डावर मावेल एवढा. त्यानं किमान ७५ हजार यंत्रं धरली, त्यातली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. एकही नोंद पुसली नाही, नुसती वाट अडवली. तरी अमेरिकेत बँकेची एटीएम थांबली, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं. आणि त्या चुकीची दुरुस्ती, म्हणजे पॅच, जुलै २००२ मध्येच मिळत होती. सहा महिने ती अनेकांनी बसवलीच नाही.

ओरॅकल कंपनी आपल्या डेटाबेसच्या आणि मायएसक्यूएल या आपल्याच दुसऱ्या डेटाबेसच्या दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये देते. जुलैची दुरुस्ती नेमकी विम्याच्या गर्दीत येते. मग "आत्ता कशाला हात लावायचा?" म्हणून काम पुढं ढकलण्याचा मोह होतो. पण रात्री, आधी सांगून, तासभर बंद ठेवलेला सर्व्हर कुणाची मजुरी बुडवत नाही. भरदुपारी कोसळलेला बुडवतो.

पतसंस्था, बाजार समिती, महाविद्यालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. संगणक सांभाळणाऱ्याला विचारा, शेवटचा पॅच कोणत्या तारखेला बसवला? डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा तर नाही ना? तारीख सांगता आली नाही, तर ते काम याच आठवड्यात करून घ्या.