कोलेस्टेरॉल आणि पूरक वनौषधी

गुग्गुळ हा कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या माळांवर वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा डिंक. खोडाला चीर दिली की पिवळसर, सुवासिक चीक झरू लागतो आणि वाळून त्याचे तपकिरी खडे होतात. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे मराठी घरांत जुन्या ओळखीची आहेत.

सुश्रुतसंहितेत गुग्गुळ मेदावर सांगितला आहे. त्याच धाग्यावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. या डिंकामुळे सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम झाले आणि १९८०च्या दशकात ‘गुग्गुलिपिड’ औषध म्हणून बाजारात आले. भारतातल्या चाचण्या अनुकूल होत्या. २००३ साली अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल मात्र उलटा लागला. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या १०३ प्रौढांपैकी ज्यांना आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क दिला, त्यांचे एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, चार-पाच टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. तेव्हापासून गुग्गुळाची बाजू लंगडी आहे. शिवाय ओरबाडून चीक काढल्याने झुडपे वाळतात, आणि ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त ठरली आहे.

लसणाचा गवगवा मोठा, पदरात पडते थोडे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या देऊनही एलडीएल हलले नाही. फोडणीत तो जरूर असावा, एवढेच.

खरे काम करतो तो इसबगोलाचा भुसा, जो बहुतेक घरांत बद्धकोष्ठासाठीच ठेवलेला असतो. चमचाभर भुसा पाण्यात टाकला की काही मिनिटांत फुगून बुळबुळीत होतो. आतड्यात हाच बुळबुळीतपणा पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. ती भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्ले करावी लागतात, आणि त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज सुमारे दहा ग्रॅम भुसा काही आठवडे घेतल्यास एलडीएल साधारण पाच ते दहा टक्के उतरते. मेथीदाण्यातही असाच विरघळणारा तंतू असतो. त्याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही.

डॉक्टर कोलेस्टेरॉलवर देतात त्या स्टॅटिनच्या गोळीने एलडीएल मात्रेनुसार ३० ते ५० टक्के, कधी त्याहूनही अधिक उतरते. म्हणून वनौषधी ही तिच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने काढ्याच्या भरवशावर गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. डिल्टियाझेम किंवा प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची आणि हृदयाची औषधे चालू असल्यास गुग्गुळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याने या औषधांचे रक्तातले प्रमाण घटते. इसबगोल नेहमी भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, कोरडा गिळू नये, आणि इतर औषधांत व त्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.