ट्रॉलीचे दिवे आणि उडणारा फ्यूज



ट्रॉलीच्या दिव्यांचा प्लग लावला की ट्रॅक्टरचा फ्यूज उडतो. मग आपण तिथं तांब्याची तार पिळतो अन् जिनिंगला निघतो. आता फ्यूजऐवजी वायर जळणार, आणि वर कापूस भरलेला! बिनदिव्याची न्यावी, तर मागून मोटारसायकलवर येणारं पोर आपल्यापैकीच कुणाचं.

प्लग काढा, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालून दिवे लावा. टिकला तर दोष ट्रॉलीत. ट्रॉलीचे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोडा, प्लग लावा. भक्क पेटला म्हणजे वायर लोखंडाला टेकली. हुकापासून वायर हलवत मागे जा. बल्ब मंदावेल तिथं ती सोललेली सापडेल. (दिवे नुसते मिणमिणतात तो अर्थिंगचा आजार, त्यानं फ्यूज उडत नाही.) वायर बदला, रबरी नळीतून ओवा, हुकाजवळ वळणापुरती ढिली ठेवा.