आपली वाडी आणि आपले ताट



वसईच्या वाडीने आपल्या पिढ्या पोसल्या. आता ती राहील की नाही, हे आपल्या ताटावरही अवलंबून आहे.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात त्याचा अल्पांशही नसतो. नाचणीस भाताप्रमाणे खाचरात पाणी कोंडावे लागत नाही. त्यामुळे खाचरातून निघणारा मिथेन वायूही टळतो. २०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगाने अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे विपुल आणि तांबडे मांस व साखर अल्प, असा आहार मनुष्य व पृथ्वी या उभयतांस हितकर ठरविला. आपल्या आजीच्या चुलीस यात नवे काही नव्हते. तिला निवड नव्हती, आपणांस आहे.

दरम्यान कित्येक बावखले बुजली, विहिरी खारावल्या, वाड्यांवर इमारती चढल्या. भाजीस गिऱ्हाईक नसेल, तर वाडी विकणाऱ्यास आपण कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

म्हणून माझी नम्र सूचना अशी : पुढील संमेलनाच्या पंगतीस नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे व वसईची केळी असावीत, आणि भाजी, केळी आपल्याच बागाईतदारांकडून, त्यांस परवडेल अशा भावाने घ्यावीत. ठराव मांडणे सोपे आहे. पंगत मांडून दाखवू या.