परमुलखातील श्रमशिबिर आणि घरचा तलाव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त एकोडी येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे सध्या एक नवे आकर्षण उभे आहे. तीन-चार आठवडे परदेशी जावयाचे, काही दिवस डोंगरदऱ्यांतून पदभ्रमण करावयाचे, काही दिवस रोपे लावावयाची अथवा वन्यप्राण्यांची मोजदाद करावयाची आणि उरलेल्या दिवसांत एखाद्या खेड्यातील शाळेला रंग द्यावयाचा, असा त्याचा एकूण आराखडा असतो. शेवटी प्रमाणपत्र मिळते. खर्च अर्थातच पालकांचा. साकोली, भंडारा, नागपूर येथील सुस्थित कुटुंबांतील मुलेही आता अशा सहलींची चौकशी करू लागली आहेत. त्यांना नावे ठेवण्यासाठी आजचा विषय निवडलेला नाही. घराचा उंबरठा ओलांडून परक्यासाठी घाम गाळावा असे विशीतल्या मुलाला वाटणे हे सुलक्षणच होय. परंतु ज्या गावात हे पाहुणे उतरतात, त्या गावाच्या हाती शेवटी काय लागते, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी या चळवळीच्या मुळाशी जावे लागते.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्समधील व्हर्दून परिसरातील अनेक गावे तोफांच्या माऱ्याने भुईसपाट झाली होती. पिएर सेरेसोल हे स्वित्झर्लंडचे अभियंते. त्यांचे वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. पुत्राने मात्र युद्धासाठी कर देण्यास नकार देऊन कारावास पत्करला. १९२०च्या अखेरीस सेरेसोल निरनिराळ्या देशांतील मूठभर मित्रांना घेऊन व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावी गेले आणि निवारे उभारू लागले. त्या मित्रांत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांनी गाव पाडले, त्यांच्याच देशबांधवांनी ते बांधून द्यावे, ही कल्पना उदात्त होती यात शंका नाही. पण घरादाराची राख झालेल्या लोकांना जर्मन माणूस पुन्हा डोळ्यांसमोर नको होता. काही महिन्यांतच शिबिर आवरते घ्यावे लागले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या जगप्रसिद्ध संस्थेचा प्रारंभ असा एका अयशस्वी शिबिरातून झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाहुण्यांचा हेतू शुद्ध होता, हातही कष्टाळू होते. यजमानांचे मन मात्र तयार नव्हते.

सेरेसोल यांनी त्यानंतर काम सोडले नाही. १९२७ साली ऱ्हाइन नदीच्या पुराने लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशातील शेते गाळाखाली गेली, तेव्हा पुढच्या वर्षी, १९२८ साली, सातशेहून अधिक स्वयंसेवक तेथे फावडी घेऊन उतरले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला आणि पन्नाशी ओलांडलेले सेरेसोल हिंदुस्थानात आले. राजेंद्रप्रसाद तेव्हा भूकंपग्रस्तांच्या मदतकार्याचे नेतृत्व करीत होते. मुझफ्फरपूर जिल्ह्यात भूकंपानंतर पुराचे पाणी गावांत शिरू लागले होते, म्हणून वस्त्या उंच जागी हलवून नव्याने बांधण्याचे काम या युरोपीय स्वयंसेवकांनी स्थानिक मजुरांच्या बरोबरीने केले. आठ-पंधरा दिवसांत छायाचित्रे काढून ते परतले नाहीत. १९३४ ते १९३७ या काळात सेरेसोल पुनःपुन्हा येत राहिले.

याच संस्थेचे पाऊल पुढे विदर्भात पडले, आणि ते नेमके अशा ठिकाणी पडले की जेथे जाण्यास शेजारचे गावकरीही धजत नव्हते. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांनी आनंदवन वसविले त्याला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. खडकाळ, झुडपी जमीन, विंचू-सापांचा सुळसुळाट आणि सोबतीला समाजाने टाकलेली कुष्ठरोगी माणसे. या माणसांनी विहिरी खोदल्या, जमीन कसली, भाजीपाला पिकविला. तो वरोऱ्याच्या बाजारात नेला, तर कोणी हात लावीना. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी कोण घेणार? पीक भरघोस आले तरी गिऱ्हाईक नाही, अशी ती विचित्र कोंडी होती.

अशा वेळी, १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे अनेक देशांतील पन्नासएक तरुण-तरुणी आनंदवनात मुक्कामाला आले. ते काही महिने राहिले. कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी विटा-माती वाहिली, रुग्णालयाच्या इमारती उभ्या केल्या आणि आनंदवनातच पिकलेले अन्न रोज जेवले. गोरी मुले महारोग्यांच्या पंगतीला बसतात, ही वार्ता वरोऱ्यात पसरली. कुतूहलाने लोक पाहावयास येऊ लागले, आणि पाहता पाहता बाजाराचे दार किलकिले झाले. त्या इमारती मोलाच्या होत्याच. पण परदेशी पाहुण्यांनी आनंदवनाला दिलेली खरी देणगी म्हणजे शेजाऱ्याचा विश्वास. वरोऱ्याच्या शहाण्यासुरत्या नागरिकांना जे शास्त्र सांगून पटले नव्हते, ते त्यांना परक्या मुलांच्या जेवणाच्या ताटाने पटविले. (यात आपल्या समाजाची थोडी लाजही आहे. घरचा माणूस सांगतो ते खोटे आणि गोरा पाहुणा करून दाखवितो ते खरे, ही सवय अजून पुरती गेलेली नाही.)

बाबांनी या शिबिराचे मर्म अचूक हेरले. पुढे १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे त्यांनी विद्यार्थ्यांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महिना मे, ऊन विदर्भाचे, काम बांधबंदिस्तीचे व खोदाईचे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शहरी मुले तेथे येऊ लागली. पहाटे कुदळ-फावडे, दुपारी व संध्याकाळी व्याख्याने-चर्चा, रात्री उघड्यावर झोप. या छावणीत बाबांशी ज्यांची पहिली ओळख झाली, अशा अनेकांनी पुढे सामाजिक कार्यालाच वाहून घेतले. १९८५-८६ साली शंभराहून अधिक तरुण-तरुणी बाबांसमवेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाले, ती भारत जोडो यात्राही याच वृत्तीची. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की आठ दिवसांत अननुभवी मुलांच्या हातून जे खोदकाम होते, ते सराईत मजूर दोन दिवसांत करील. सोमनाथने हे कधी लपविले नाही. छावणीचे नावच संस्कारावर बेतलेले आहे. मुलांना तेथे बोलाविले ते मुलांच्या घडणीसाठी, आणि हे प्रारंभीच स्पष्ट असल्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही.

आता पदभ्रमणाकडे वळू या. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर तेनझिंग यांच्यासह पोहोचलेले एडमंड हिलरी पुन्हा पुन्हा नेपाळात गेले. शेर्पांनी त्यांच्याकडे मुलांसाठी शाळा मागितली आणि १९६१ साली खुमजुंगची शाळा उभी राहिली. १९६६ साली खुंदे येथे रुग्णालय झाले. मागणी गावाची, श्रम दोघांचे, म्हणून ते काम टिकले. पण त्याच खोऱ्यात दुसरेही घडले. पर्यटकांची रीघ लागली, त्यांचे अन्न शिजविण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी लाकूड तुटू लागले, आणि उंचावरील जंगल, जे वाढावयास अनेक दशके लागतात, ते विरळ झाले. १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथे पदयात्री पथकांना लाकूड जाळण्यास मनाई करावी लागली. शेर्पांच्या गावांत पूर्वीपासून शिंगी नावा नावाचे वनरक्षक गावकरीच नेमीत असत आणि कोणी किती लाकूड आणावे यावर त्यांचा डोळा असे. सरकारी व्यवस्था आली तशी ही गावची राखण दुबळी झाली. नवे संरक्षण उभारताना जुने संरक्षण मोडते, हे बाहेरून आलेल्या हितचिंतकाच्या बहुधा लक्षात येत नाही.

याच नेपाळात अनाथालयांना भेटी देणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या पैशाने आणखी एक अनर्थ घडला. आईबाप असलेली मुले खेड्यांतून आणून अनाथ म्हणून ठेवली गेली, कारण पाहुण्यांना सेवेसाठी अनाथ हवे होते. यावर अधिक भाष्य नको.

जैन परंपरेत पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींसाठी गोचरीचा दंडक आहे. गाय चरते तशी अनेक घरांतून थोडी थोडी भिक्षा घ्यावी, कोणा एका घरावर भार पडू नये. पावसाळ्यात पायांखाली जीव चिरडू नयेत म्हणून चार महिने विहार थांबतो. परक्या गावात पाऊल टाकणाऱ्याने आपले वजन किती पडते याचा विचार करावा, हे या श्रोतृवर्गाला नव्याने सांगावे असे नाही.

मग एकोडीच्या विद्यार्थ्याने काय करावे? त्याच्या दाराशी काय आहे, ते प्रथम पाहू. साकोली तालुक्यातील पिटेझरीहून नागझिरा अभयारण्यात प्रवेश होतो. हे अभयारण्य १९७०चे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण त्याहूनही जवळची आणि अधिक दुर्लक्षित संपदा म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी बांधल्या, पाणी टप्प्याटप्प्याने सोडण्यासाठी तुडूम बसविले, पाट काढले आणि धानाची शेती उभी केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानले जाते. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली, तलाव शासनाकडे गेले, आणि पाळीची डागडुजी करण्याची जबाबदारी सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, अशी स्थिती झाली. गाळ साचला. बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले.

भंडाऱ्यातील अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी या तलावांचा अभ्यास आरंभिला, तेव्हा त्यांनी धीवर बांधवांना गुरू मानले. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणता पक्षी कोणत्या काठावर उतरतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तलावात उतरणाऱ्या या माणसांजवळ होते. त्या आधारे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात काम झाले: बेशरम उपटणे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट, आणि पाण्याखाली वाढणाऱ्या स्थानिक वनस्पतींची पुन्हा लागवड. कटला-रोहूच्या बीजापुढे मागे पडलेल्या देशी माशांना त्यामुळे आसरा मिळाला. सोलापूरहून आलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली हेही नवेगावबांध येथे माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या स्थानिकांच्या सहवासात शिकले.

येथे एक अडचण उघडपणे मांडणे प्राप्त आहे. तलाव राखणाऱ्या धीवरांची उपजीविका मासेमारीवर आहे आणि जैन घरातील मुलाला त्या व्यवसायात हात घालता येणार नाही. तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. बेशरम उपटण्यात, पाळीवर माती टाकण्यात, पाणवनस्पतींची व पक्ष्यांची नोंद ठेवण्यात त्याच्या व्रताला बाधा येत नाही. परंतु ज्याचे पोट तलावावर आहे त्याला बाजूला सारून तलाव राखू म्हणणे व्यर्थ आहे. सगरमाथ्याच्या शेर्पांची कथा त्याची साक्ष देते. त्याच्याशी आदराने बोलणे, त्याला आधी विचारणे, ही या कामाची पहिली पायरी आहे. एस्न गावी नेमकी हीच पायरी घसरली होती, आणि वरोऱ्याच्या बाजारात ताटाच्या निमित्ताने हीच पायरी बांधली गेली.

तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने सारस जगतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांशीच निगडित उरला आहे. त्याच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून दखल घेतली. नर-मादी दोघे मिळून उथळ पाण्यात घरटे रचतात, बहुधा दोन अंडी घालतात आणि पाळीपाळीने उबवितात. कीटकनाशके, उघड्या वीजवाहिन्या आणि आटणारे तलाव हे त्यांचे शत्रू. ज्याच्या बांधीत घरटे असते, त्या शेतकऱ्याचे थोडे धान वाया जाते; तरीही अनेक शेतकरी घरट्याला धक्का लावत नाहीत.

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सारसांची गणना होते. गोंदियातील सेवा संस्थेचे कार्यकर्ते, वनविभागाचे कर्मचारी, शेतकरी आणि विद्यार्थी पहाटे अंधारातच ठरलेल्या तलावांवर व नदीकाठांवर पोहोचतात, कारण सारस रात्रीच्या मुक्कामाची जागा उजाडताच सोडतात. या कामाला पारपत्र लागत नाही आणि शुल्कही नाही. दुर्बीण, वही, पाण्याची बाटली आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे पुरते. परदेशी जाण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी अवश्य जावे; मात्र त्यापूर्वी एका उन्हाळ्यात ही गणना करावी, एका पावसाळ्यात एका तलावाची नोंदवही भरावी, आणि त्या तलावाच्या धीवराचे नाव, त्याच्या घरची माणसे व त्याची तक्रार ठाऊक करून घ्यावी. मग नेपाळात किंवा अन्यत्र उतरल्यावर गावकऱ्यांना कोणता प्रश्न प्रथम विचारावयाचा, हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता राहणार नाही.