कसब आपलें, हिशेब मालकाचा
(औद्योगिक शिक्षण घेणारे तरुण व कामगार यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



येथें जमलेल्यांपैकीं पुष्कळजण फिटर, टर्नर, वेल्डर यांचें काम शिकत आहेत, आणि कित्येकांचे वडील तेंच काम करतां करतां म्हातारे झाले आहेत. म्हणून आज मी अमेरिकेंतल्या मोटारीच्या धंद्याची हकीकत सांगणार आहें. हकीकत दूरदेशची खरी, पण पोट आणि हात सगळीकडे सारखेच. त्या धंद्याला उतरती कळा लागली तेव्हां शहाण्या म्हणविणाऱ्या लोकांनीं सांगितलें कीं, मजूर माजले, पगार फार मागूं लागले, म्हणून कारखाने बुडाले. हें कितपत खरें आहे तें आपण हिशेबानें पाहूं.

प्रथम मोटार बनविणें हें कारागिराचें काम होतें. एक एक भाग कानशीनें घासून दुसऱ्याशीं जुळवावा लागे. १९१३ सालीं हेन्री फोर्ड यानें हायलंड पार्क येथील कारखान्यांत मोटारीचा सांगाडा माणसांपुढून सरकत नेण्याची युक्ति काढली. माणूस एका जागीं उभा आणि काम त्याच्याकडे चालत येतें. सांगाडा जोडण्यास पूर्वीं साडेबारा तास लागत, ते पुढल्या वर्षीं सुमारें दीड तासावर आले. पण दिवसभर एकच खिळा ठोकून माणूस विटतो. लोक इतके काम सोडून जाऊं लागले कीं, १९१३ सालीं शंभर माणसें टिकविण्यासाठीं तीनशेंहून अधिक नवीं भरावीं लागलीं. तेव्हां जानेवारी १९१४ मध्यें फोर्डनें अटी घालून दिवसाला ५ डॉलर मजुरी व आठ तासांचा दिवस जाहीर केला. पूर्वीच्या दुपटीहून ही मजुरी जास्त होती. लोक त्याला दानशूर म्हणाले. दानत कसली? गळकें भांडें बुजविण्याचा तो खर्च होता.

मग कसब मेलें काय? नाहीं, तें एका खोलींत जाऊन बसलें. त्या खोलीचें नांव टूल-रूम. मोटारीचा दरवाजा पत्र्याचा असतो, आणि त्या पत्र्याला आकार येतो तो पोलादी डायमध्यें दाबून. डायमध्यें केसाएवढी चूक झाली तर हजारों दरवाजे वांकडे निघतात. अशी डाय करणारा माणूस तयार होण्यास चार वर्षांची उमेदवारी लागे. ओळीनें उभे राहणारे हजारों, आणि डायमेकर मूठभर. पण त्या मुठीवाचून नव्या सालची मोटार बाहेर पडत नसे.

या मुठीचें बळ १९३९ सालीं दिसलें. त्याआधीं ३० डिसेंबर १९३६ पासून फ्लिंट गांवांत जनरल मोटर्सच्या कारखान्यांत कामगार आंतच ठाण मांडून बसले होते. बाहेर त्यांच्या बायका पोलिसांना भीक न घालतां उभ्या राहत. ४४ दिवसांनीं, ११ फेब्रुवारी १९३७ रोजीं, कंपनीनें मोटार कामगार संघाशीं करार केला. पुढें संघांतच फूट पडली व कंपनी बोलणीं करीना. तेव्हां वॉल्टर रॉयथर, जो स्वतः डायमेकर होता, त्यानें फक्त टूल-रूमच्या माणसांना काम बंद करावयास सांगितलें. १९४० सालच्या मोटारीच्या डाय अर्धवट पडल्या. महिनाभरांत कंपनी नमली.

येथें आपल्या कामगारबंधूंचा दोषहि झांकून ठेवूं नये. ज्या कसबानें मालकाला नमविलें, तें कसब गोऱ्या कामगारांनीं काळ्या बांधवांना शिकूं दिलें नाहीं. काळा माणूस भट्टीपाशीं, रंगाच्या वाफेंत. टूल-रूमचें दार त्याला बंद. जून १९४३ मध्यें डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यांत तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली, एवढ्यावरून सुमारें २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. संघाच्या पुढाऱ्यांनीं त्यांचा निषेध केला ही गोष्ट खरी, पण डाग तो डागच. जो विद्येभोंवतीं कुंपण घालतो, त्याच्यामागें संकटांत उभें राहण्यास माणसें थोडीं उरतात.

१९५० सालीं जनरल मोटर्सशीं पांच वर्षांचा मोठा करार झाला. पेन्शन मिळालें, आजारपणाच्या खर्चाला हातभार मिळाला, महागाईप्रमाणें पगार वाढूं लागला. कामगाराचें घर झालें, पोरगा कॉलेजांत गेला. हें थोडें नव्हे. पण त्या सौद्यांत एक गोष्ट सुटली. कोणती मोटार करावयाची, कोठें करावयाची, नफा कोठें घालावयाचा, हें ठरविणें मालकाकडेच राहिलें. कसब आपलें, हिशेब मालकाचा!

हा हिशेब पुढें चुकला. १९७३ सालीं तेल महागलें. लोकांना थोडें तेल पिणारी लहान मोटार हवी झाली, आणि अमेरिकन मालक मोठ्या मोटारीच्या मोठ्या नफ्यावर डोळा ठेवून बसले होते. जपानी मोटारी आल्या, त्या टिकाऊ निघाल्या. १९७९ सालीं क्रायस्लर कंपनी सरकारच्या हमीवांचून उभी राहीना. तरी बोट कामगाराकडेच! नाचतां येईना अंगण वांकडें.

अंगण वांकडें नव्हतें याचा दाखला ऐका. कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना अगदीं बदनाम होता. गैरहजेरी फार, काम वाईट. १९८२ सालीं तो बंद केला. १९८४ सालीं तेथेंच जपानच्या टोयोटा कंपनीनें जनरल मोटर्सशीं भागी करून काम सुरू केलें. माणसें बहुतेक जुनींच घेतलीं, संघहि तोच. त्यांतल्या शेंकडों लोकांना जपानांत नेऊन शिकविलें, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी टांगली. चूक दिसली कीं साध्या कामगारानें ती ओढावी, म्हणजे काम थांबे व चूक जागेवर दुरुस्त होई. थोड्याच दिवसांत तेथील मोटार जपानी मोटारीच्या तोडीची झाली. माणसें तींच, हात तेच. फरक एवढाच कीं त्यांच्या बुद्धीला कोणीं तरी किंमत दिली. मग ज्यांना आळशी म्हटलें, त्यांचा गुन्हा कोणता? ही चोर सोडून संन्याशाला फांशी झाली.

पण असा धडा सर्वत्र गिरविण्याऐवजीं मालकांनीं सोपी वाट धरली. कांहीं काम यंत्रमानवांनीं घेतलें, हें खरें. परंतु कांहीं काम संघाचें बळ नसलेल्या दक्षिणेकडील संस्थानांत गेलें, कांहीं १९९४ च्या व्यापारी करारानंतर मेक्सिकोंत गेलें. डाय व सुटे भाग जेथें स्वस्त, तेथून येऊं लागले. २००७ च्या करारानें नव्या माणसाचा पगार जुन्याच्या सुमारें निम्म्यावर आणला. एकाच ओळींत, एकच काम, आणि दोन मजुऱ्या! २००९ सालीं क्रायस्लर व जनरल मोटर्स दोघांनींहि दिवाळें काढलें व सरकारी पैशानें ते तरले. मोटारी व त्यांचे भाग यांच्या कारखान्यांत २००० सालीं सुमारें १३ लाख माणसें होतीं, तीं २००९ मध्यें साडेसहा लाखांखालीं आलीं. पुढें कांहीं परतलीं, पण सगळीं नव्हेत. डेट्रॉइटची वस्ती १९५० सालीं १८ लाख ४९ हजार होती, ती २०२० सालीं ६ लाख ३९ हजार उरली. २०१३ सालीं त्या शहरानेंच दिवाळें काढलें.

पैसा गेला तर परत येतो. पण टूल-रूम बंद पडली कीं उमेदवार कोणापाशीं शिकणार? म्हातारा डायमेकर घरीं बसला, त्याच्या हातांतली विद्या कागदावर उतरत नाहीं. ती त्याच्याबरोबर मसणांत जाते. आतां तेथले मालक ओरडतात कीं कसबी माणूस मिळत नाहीं. बाबांनो, आंब्याचीं झाडें तोडून विकलींत, आतां आंबे कोठून येणार?

तरी कामगार मेला नाहीं. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकदम संप झाला. असा संप पूर्वीं कधीं झाला नव्हता. सुमारें सहा आठवड्यांनीं मूळ पगारांत शेंकडा २५ वाढ ठरली, महागाईची वाढ परत मिळाली, आणि दोन मजुऱ्यांचा भेद बराच मोडला.

आणि हें सर्व फार दूरचें आहे असें समजूं नका. त्याच जनरल मोटर्सनें २००८ सालीं आपल्या तळेगांवांत कारखाना उघडला आणि डिसेंबर २०२० मध्यें तेथली मोटार बंद केली. हिशेब पुण्यांत झाला नाहीं, डेट्रॉइटांत झाला. फ्लिंटच्या कामगारानें जें भोगलें, तेंच मावळांतल्या पोरानें भोगलें.

तेव्हां तरुणांनो, मी तुम्हांला काम सोडा म्हणत नाहीं. उलट नीट शिका. कानस, लेथ, संगणकावर चालणारें यंत्र, सर्व शिका. शिकलेलें दुसऱ्याला शिकवा, त्याची जात, रंग, गांव विचारूं नका. स्त्रियांनाहि टूल-रूमचें दार उघडा. संघ करा, पण संघ केवळ पगारापुरता ठेवूं नका. कारखान्याची वही वाचावयास शिका. नवें यंत्र कां आलें, काम कोठें चाललें, उमेदवार किती घेतले, हें दर वर्षीं विचारा. ज्याला काम करतां येतें त्यालाच काम थांबविण्याची दोरी शोभते. ती दोरी कोणी आपण होऊन देत नाहीं, मागून घ्यावी लागते.