उड्डाणापूर्वीची वही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला विमानविद्येवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय आकाशाएवढा आणि वेळ अवघा वीस मिनिटांचा. म्हणून आकाश सोडून मी जमिनीवरच राहणार आहे. विमान उडण्यापूर्वी हँगरमध्ये जी वही लिहिली जाते, तिच्याविषयी बोलावे असे योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील काही तरुण विमान-देखभालीच्या शिक्षणाकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि त्यांच्या वडीलमंडळींची समजूत अशी दिसते की, हे काम पाना फिरविण्याचे. लिहिणे हे कारकुनाचे. ही समजूत मला घातक वाटते.

विमान उतरले की वैमानिक आढळलेला दोष या वहीत नोंदवितो. अभियंता त्याखाली काय तपासले, कोणता भाग काढला, कोणत्या क्रमांकाचा नवा भाग बसविला हे लिहितो, सही करतो आणि आपला परवाना-क्रमांक घालतो. जो दोष नियमानुसार काही मुदतीपर्यंत चालण्याजोगा असतो, त्याची वेगळी नोंद होते. पुढचा वैमानिक ही वही वाचून विमान ताब्यात घेतो. तो बाहेरून फेरी मारून पाहतो खरा. पण विमानाचे अंतरंग त्याला उघडून पाहता येत नाही. त्याला दिसते ती वही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतील आहे आणि तिची सरकारी चौकशी झालेली आहे. १० सप्टेंबर १९९१ च्या रात्री ह्यूस्टन येथील हँगरमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेस कंपनीचे एंब्रेअर १२० जातीचे विमान आले. शेपटीच्या माथ्यावरील आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ झाडून टाकणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. त्या बदलावयाच्या होत्या. संध्याकाळच्या पाळीने उजव्या बाजूस हात घातला. पाळीवरील एक तपासनीस मदतीस वर चढला. त्याने उजव्या बाजूच्या वरील अंगाचे स्क्रू काढले आणि काम पुढे सरकावे या सद्हेतूने डाव्या बाजूच्या वरील अंगाचेही काढले. ते सत्तेचाळीस होते.

पुढे रात्रपाळी आली. डावी पट्टी त्या रात्री बदलावयाची नाही, असे ठरले. रात्रपाळीच्या तपासनीसाने आधीच्या पाळीचा हस्तांतर-कागद पाहिला होता. परंतु त्या वेळी त्यात या विमानाविषयी काहीच लिहिलेले नव्हते. काम करणाऱ्याने ती ओळ नंतर लिहिली, तीही मोघम. आणि तो घरी गेला. काही निरोप तोंडी दिले गेले, पण योग्य माणसापर्यंत ते अखंड पोहोचले नाहीत. उजवी बाजू व्यवस्थित बसविण्यात आली. डाव्या कडेचे खालचे स्क्रू जागेवर असल्यामुळे ती कड बसलेली दिसत होती, आणि शेपटीचा माथा इतका उंच की जमिनीवरून वैमानिकाला तो दिसणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते विमान लारेडोला सुखरूप गेले. परत येताना, सकाळी दहाच्या सुमारास, ईगल लेक गावाजवळ उतरणीच्या वेगात ती कड उखडली, विमानाचे नाक एकदम खाली झुकले आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. अकरा प्रवासी व तीन कर्मचारी, चौदाही जण मृत्यू पावले.

येथे कोणाचे हात अकुशल नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. स्क्रू काढणाऱ्याने ते नीट काढले, उजवी पट्टी बसविणाऱ्याने ती नीट बसविली. अर्धवट राहिलेले काम तेवढे वहीत नव्हते. चौकशी मंडळाने देखभाल व तपासणी करणाऱ्यांनी ठरलेली पद्धत पाळली नाही, असा ठपका ठेवला. त्या मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र वेगळे मत नोंदविले: अशी पद्धत सर्रास मोडू देणाऱ्या व्यवस्थापनावरही दोष येतो. मला लॉबर यांचेच म्हणणे पटते. जेथे साहेबाला विमान वेळेवर हवे असते आणि वही केव्हाही चालते, तेथे एकट्या मेकॅनिकला दोषी धरून काय साधणार?

नुसती नोंद असणेही पुरत नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाच्या इंधनमापकाविषयी वहीत ओळ होती. पण ती इतकी त्रोटक की वैमानिकाने तिचा भलताच अर्थ घेतला. त्यातच इंधनाचा हिशेब किलोऐवजी पौंडांत झाला. टाक्या आकाशात रिकाम्या झाल्या. वैमानिकांच्या कौशल्यामुळे विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले आणि प्राणहानी टळली.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दुकानदारीची परंपरा आहे. रोजकीर्द आठ दिवसांनी भरली तरी आठवून, जुळवून मेळ बसविता येतो. हँगरमध्ये ती सोय नाही. स्क्रू काढण्यापूर्वी काम उघडल्याची ओळ पडली पाहिजे. मागाहून लिहिलेली ओळ वाचावयास दुसरी पाळी थांबत नाही. आज बऱ्याच ठिकाणी वहीची जागा संगणकाने घेतली आहे. तो तारीख-वेळ चोख घालतो, पण कालचाच मजकूर आज पुन्हा उतरविण्याचा मोहही तोच वाढवितो.

तरुणांनो, पहाटे चार वाजता तुमच्यापुढे कागद येईल. "मी पाहिले आहे, तू फक्त सही कर," असे म्हणणारा बहुधा तुमचा वडीलधारा सहकारीच असेल. त्याला नमस्कार करा, बॅटरी घ्या आणि शिडी चढून स्वतः पाहून या. उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतील; ती ऐकून घ्या. आणि पालकांनो, मुलगा वा मुलगी पाळी संपूनही तासभर उशिरा घरी आली आणि "वही लिहीत होते" असे म्हणाली, तर जेवण पुन्हा गरम करावे, एवढी माझी विनंती आहे.

या शिक्षणाविषयी, परवान्याच्या परीक्षांविषयी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी मी अल्पोपाहाराच्या वेळी सभागृहातच थांबणार आहे.